पाटकरी डोंगरात गेला

इकबालभाई पाठीवर सॅक लावून इंदापूरच्या एसटी स्टँडवर उभे राहिले, तेव्हा अर्धा स्टँड हसला. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्याला टोपी आणि पाठीवर पोपटी रंगाची भलीमोठी सॅक! चहावाला म्हणाला, "पाटकरी, फवारणीला निघालाव व्हय?" इकबालभाईंनी सॅकचे पट्टे आवळले आणि ठसक्यात सांगितलं, "पोरीला महाबळेश्वर दावायला निघालोय." खरं तर पोरगीच बापाला दाखवायला निघाली होती. पण बापाची जीभ ती, हार कशाला मानेल!

पोरगी म्हणजे अस्मा. बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला होती. मैत्रिणींचा बेत ठरला होता, की सॅक पाठीवर टाकायची, महाबळेश्वरला जायचं, आजूबाजूची खेडी पायी हिंडायची आणि मिळेल तिथं मुक्काम करायचा. ऐन वेळी एकीला सासरचे पाहुणे आडवे आले आणि दुसरीला रजा मिळाली नाही. अस्मा म्हणाली, "मी एकटी जाते." त्यावर तिच्या अम्मीनं, कमरजहाँनं, घर डोक्यावर घेतलं. शेवटी तोड निघाली ती अशी, की अब्बा सोबत जातील. अस्मानं कपाळाला हात लावला. पण नाही म्हटलं असतं तर जाणंच रद्द झालं असतं, म्हणून ती गप्प बसली.

इकबालभाईंचं सगळं आयुष्य नीरा डाव्या कालव्यावर गेलं होतं. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या रानाला कधी सोडायचं ते बघणारा माणूस. दारं उघडायची, दारं पाडायची, फाट्यावरनं चारीला, चारीवरनं उसाला, असं पाण्याच्या मागं चालत चालत ते म्हातारे झाले. घरात लेकरांना त्यांनी एकच शिकवण दिली होती. वाट चुकली तर घाबरायचं नाही, पाणी हुडकायचं आणि त्याच्या अंगानं खाली चालायचं. "पाणी गावाला गेल्याबिगर राहत न्हाय," असं ते म्हणायचे. इंदापूरच्या सपाट मुलखात हे सोळा आणे खरं होतं. तिकडं कुठल्याही चारीच्या कडेनं चाला, कुणाचं तरी खोपटं लागतंच.

महाबळेश्वरात पहिला दिवस मजेत गेला. बाजारात ही झुंबड! कुणी घोड्यावर, कुणी चप्पल घासाघीस करून घेतंय, कुणी चण्याच्या पुड्या बांधून घेतंय. लोक कड्यावरच्या कठड्याला टेकून फोटो काढत होते आणि इकबालभाई दुकानदाराला विचारत होते, "हितलं पाणी कुठं जातं ओ?" बारामतीचे दोन ओळखीचेही भेटले. अब्बांनी त्यांना जगाचा प्रवास केल्यासारखं सगळं सांगितलं. अस्माला हसू आलं. बरं झालं अब्बांना आणलं ते, असं तिला त्या दिवशी मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं गाव सोडून निघाले. डांबरी रस्त्यावरून एक पायवाट जंगलात उतरत होती आणि ती धरून गेलं की पलीकडच्या वाडीत त्यांचा मुक्काम ठरलेला होता. पाऊस नुकता उघडला होता. झाडांच्या बुंध्यांवर हिरवंगार शेवाळ चढलं होतं आणि वाटेवर ओल्या पानांचा थर होता. दुपार कलायच्या आत धुकं आलं. आलं म्हणजे कसं, तर कुणी चूल पेटवून दार लावून घ्यावं आणि खोलीत धूर कोंडावा, तसं. बघता बघता समोरचं झाड दिसेना.

थोडं पुढं गेल्यावर अस्माच्या लक्षात आलं, की पायाखाली वाटच नाही. तिनं मोबाईल काढला. रेंज नव्हती. नकाशावरचा निळा ठिपका कधी इकडं तर कधी तिकडं उड्या मारत होता. ती म्हणाली, "अब्बा, आपण चुकलो. इथंच थांबू या. धुकं गेलं की वाट दिसेल."

"थांबायचं कशाला?" इकबालभाईंनी मान तिरकी करून कान लावला. "त्यो बघ, वढा वाजतोय."

ओढा खरंच जवळ होता. पाणी दगडांतून खळाळत उतरत होतं. ओढा बघितल्यावर अब्बांचा चेहरा असा खुलला, जणू घरचं माणूस भेटलं. ते पुढं झाले आणि अस्मा मागं. उतार वाढत गेला. आधी नुसतं जपून चालावं लागत होतं, मग झाडं धरावी लागली, मग बसून सरकावं लागलं. असं उतरलेलं परत चढता येईल का, हे अस्माला कळत नव्हतं. धुक्यात अब्बांच्या पाठीवरची पोपटी सॅक दिसायची आणि पुसायची. दिसेनाशी झाली की ती हाक मारायची.

मग तिला आणखी एक गोष्ट जाणवली. ओढ्याचा आवाज मागून येत होता, वरून येत होता. पुढून येत नव्हता. पुढं पाणी एकदम मुकं झालं होतं.

"अब्बा, थांबा. पुढचं पाणी वाजत नाही."

"त्येच तर म्हंतोय मी," इकबालभाई खुशीत म्हणाले. "पाणी गप झालं म्हंजी सपाटी आली. संथ वाहाया लागलं. गाव जवळच हाय बघ."

अस्माच्या अंगावर सर्रकन काटा आला. का आला ते तिला सांगता आलं नसतं. ती एका झाडाला मिठी मारून बसली आणि म्हणाली, "मी एक पाऊल पुढं टाकणार नाही. तुम्हीही जायचं नाही."

"आगं, येडी का खुळी तू? पाण्यावर जलम गेला माझा!"

"ते पाणी तुमचं होतं, अब्बा. हे आपल्याला ओळखत नाही."

हे बोलणं अब्बांना लागलं. त्यांचा चेहरा उतरला आणि मग लालबुंद झाला. लेकीनं आजवर असं तोंड वर करून कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी सॅक उतरवली, तिच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, "बस तू हितं. हलायचं न्हाय. म्या पुढं बघून येतो अन् तुला गाव दावतो." ती "अब्बा, अब्बा" म्हणेपर्यंत पांढरा सदरा धुक्यात विरून गेला.

तिला त्यांची पावलं ऐकू आली. पानं चिरडल्याचा आवाज, एक फांदी मोडली तो आवाज. मग एक धप्प आवाज झाला आणि दगड गडगडत गेले. दगड गडगडले, गडगडले आणि त्यांचा आवाज मधेच संपला. खाली कुठं पडल्याचा आवाज आलाच नाही.

"अब्बाऽऽ!"

ओ आली नाही.

"अब्बाऽऽ! ओ द्या की! अब्बाऽऽ!"

काहीच नाही. ओढा मागं खळखळत होता, तेवढाच. अस्मा उठली, दोन पावलं खाली गेली आणि पाय असा सटकला, की हाताला कारवीचं झुडूप लागलं नसतं तर ती थांबली नसती. ती तशीच लोंबकळत राहिली, मग गुडघे टेकून पुन्हा झाडापाशी आली.

जायचं तर कुठल्या अंगाला जायचं? डावीकडं गेले होते का सरळ? चारही बाजूंनी नुसतं पांढरं. एक आवाज आला असता, नुसता हुंकार जरी आला असता, तरी ती सरपटत, घसरत, काय वाट्टेल ते करून त्या दिशेला गेली असती. पण आवाज नव्हता. ती ओरडत राहिली. घसा फाटला तरी ओरडत राहिली. मधेच कान देऊन ऐकायची, मग पुन्हा ओरडायची. मग ती रडायला लागली, आणि रडता रडता शिव्या द्यायला लागली. "हट्टी माणूस! सगळ्या गावाला शहाणपणा शिकवायचा आणि घरच्यांचं ऐकायचं नाही! या ना वर! अब्बा, या ना! मी परत कधी उलटून बोलणार नाही, या ना!"

अम्मीला काय तोंड दाखवायचं, हे मनात आलं आणि तिला भडभडून आलं. ते बोलायला नको होतं. ओळखत नाही म्हणायला नको होतं. ते ऐकूनच अब्बा रागानं गेले. आता त्यांच्या कानावर पडलेलं तिचं शेवटचं बोलणं तेच राहणार का? या विचारानं ती इतकी भ्याली, की तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मग हात काढले आणि कुणीही ऐकावं म्हणून जिवाच्या आकांतानं ओरडली, "कुणी आहे काऽऽ?"

"कोण वरडतंय गं?"

आवाज वरून आला. पाठोपाठ डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई धुक्यातून उतरली. वाडीतली कुशाबाई ती, म्हशीला गवत न्यायला आली होती. अस्माला धड बोलता येईना. तिनं नुसतं खाली बोट दाखवलं आणि म्हणाली, "अब्बा. माझे वडील. पाण्याच्या मागं गेले."

कुशाबाईनं भारा टाकला. तिचा चेहराच पालटला. "आई गं! तकडं कडा हाय, बाय! पाणी तितनं खाली पडतंय. तू जागची हलू नगंस. हललीस तर बघ!" अस्माचा दंड तिनं असा पकडला, की बोटं रुतली. मग तिनं तोंडाशी हात धरला आणि हाळी दिली, "ओऽऽ पाव्हणंऽऽ! हाय का कुनी खालीऽऽ?"

आणि लगेच, अगदी लगेच, खालून ओ आली.

"हाय! हितं हायऽऽ! बाई, माझ्या पोरीला धरा आधी! सोडू नका तिला!"

अस्मा जागच्या जागी गार झाली. आवाज किती जवळचा होता! रस्त्याच्या पलीकडच्या घरातून बोलावं, इतका जवळ. अब्बा जिवंत होते, धडधाकट आवाजात बोलत होते. आनंदानं तिला हुंदका फुटला. पण हुंदक्याच्या मागोमाग मनात दुसरंच काहीतरी सळसळून वर आलं. इतक्या जवळ होते? मग सगळा वेळ ते इथंच होते?

कुशाबाईनं वाडीच्या दिशेनं हाका घातल्या. तिचा नवरा आणि शेजारचा गडी दोर घेऊन पळत आले. त्यांनी दोर झाडाला बांधला, दोराचं दुसरं टोक कमरेला बांधून एक जण उतरला. वाऱ्याची झुळूक आली आणि क्षणभर धुकं फाटलं. तेव्हा अस्मानं बघितलं. काळा, बुळबुळीत, उतरता दगड होता. त्यावर अब्बा पालथे पडले होते. एका हातात कसलंसं मूळ आणि दुसऱ्या हाताची बोटं दगडाच्या भेगेत. एका पायात चप्पल नव्हती. त्यांच्या पावलांच्या पुढं हातभर दगड होता, आणि त्याच्या पुढं दगड नव्हता, झाड नव्हतं, काहीच नव्हतं. त्यांच्या अंगाजवळून पाणी अगदी शांतपणे वाहत होतं आणि त्या काहीच नसलेल्यात जात होतं. अस्मानं डोळे मिटून घेतले. ते वर येईपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.

कुशाबाईच्या घरात चुलीपुढं दोघांना बसवलं. इकबालभाईंच्या अंगावर घोंगडं टाकलं. हात सोलवटले होते, हळद लावून बांधले होते. कुशाबाईनं चहा दिला तर कप धरता येईना, बशी धरूनच प्यायले. आणि एवढं होऊन हा माणूस विचारतोय काय, तर "बाई, तुमी पाणी कुठनं भरता?"

अस्माचा संयम सुटला. तिनं कप आदळला.

"बस झालं, अब्बा! या मावशींनी एक हाक मारली. एक! आणि लगेच ओ दिलीत. मी मघापासून जीव तोडून बोंबलत होते. तुम्ही मेलात असं वाटलं मला! कळतंय का, मेलात! ऐकू येत नव्हतं का तुम्हाला?"

इकबालभाई चुलीकडं बघत राहिले. "येत व्हतं."

"सगळं?"

"सगळं. तू रडलीस, त्ये बी. मला हट्टी म्हन्लीस, त्ये बी."

"मग?" तिचा आवाज चिरकला. "परक्या बाईला ओ देता आणि पोटच्या पोरीला देत नाही? इतका राग आला होता का माझा?"

कुशाबाई चुलीतलं लाकूड सारायचं विसरली. इकबालभाईंनी घोंगड्यातून हात बाहेर काढला. सदऱ्याची बाही मनगटापासून कोपरापर्यंत चावून चावून चिंधी झाली होती.

"राग कशाचा, पोरी," ते म्हणाले. "लई येळा तोंड उघडाया लागलं, म्हणून बाही दातात धरली. मी ओ दिली असती, तर तू आली असतीस."