बुडाची वाटी

लिंबोणीखाली अळंबीच्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या तेव्हा माझ्या बायकोने, कोकिळेने, त्यांना हात लावला नाही. टोपली पालथी घालून त्या झाकल्या आणि मी शाळेतून येताच म्हणाली, "मेहकरच्या त्या शेतीच्या सायबाले बलावा. ह्याचं नाव मले पाह्यजे."

लग्नाला सात वर्षं झाली होती. तिने माझ्याकडे हट्टाने मागितलेली ही पहिली गोष्ट.

चार वर्षांपूर्वी, बासष्टच्या श्रावणात, याच झाडाखाली अशाच छत्र्या आल्या होत्या. आईने त्या खुडल्या, सुनेच्या ओंजळीत दिल्या आणि स्वतः देवळात गेली. तिचा उपास होता. मी प्रशिक्षणासाठी बुलढाण्याला होतो. मूठभर भाजी झाली, ती एकट्या बाबांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी उलट्या आणि जुलाब सुरू झाले. मी धावत घरी आलो. मग एक दिवस त्यांना बरं वाटलं, आम्ही हुश्श केलं. पाचव्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि बाबा गेले.

छत्र्या चांगल्याच होत्या यावर आई ठाम होती. तिचा जन्म त्या खुडण्यात गेलेला. मग दोष कोणाचा? पितळी गंजाचा, म्हणजे पातेल्याचा, आणि सुनेचा. गंजाची कल्हई उडाली होती, हिने तशीच त्यात भाजी केली, पितळेने भाजी कळकून जहर झाली आणि माणूस गेला! आमच्या जानेफळ गावात हे घरोघर झालं. लग्नकार्यात कोकिळेला कोणी चुलीजवळ बसू देईना, फक्त भांडी घासायला बोलवत. शेजारच्या वच्छलाबाईंनी तिचं नावच 'कल्हईवाली' पाडलं. मी ऐकत असे आणि वर्तमानपत्र वाचत असे.

साहेब सायकलवर आले. तरुण होते, नागपूरकडचे. टोपली उचलून त्यांनी छत्र्या वाकून पाहिल्या, पण खुडल्या नाहीत. खुरपं मागितलं आणि बाजूची माती सावकाश उकरली. दांड्याच्या बुडाशी, मातीच्या आत, अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी एक पांढरी वाटी निघाली.

"ही जहरी आहे," ते म्हणाले. "तुम्ही वारुळावरची खाता, तिला अशी वाटी नसते. वरून खुडली की वाटी जमिनीतच राहते. मग रांधणाऱ्याला काय कळणार? खाल्ल्यावर लगेच काही होतही नाही. मध्ये एखादा दिवस बरं वाटतं, आणि मग माणूस हातचा जातो."

आई ओट्यावर बसून ऐकत होती. तिने विचारलं, "सायेब, कल्हई उडाल्यानंबी तसंच होते नं?"

"नाही आजी. कळकलेलं खाल्लं की थोड्या वेळातच उलटून पडतं. हे विष वेगळं."

साहेब चहा घेऊन गेले. आईने आपल्या हातांकडे पाहिलं.

"म्या खुडल्या होत्या," ती म्हणाली. "म्याच आनल्या."

कोकिळेला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती जाऊन सासूजवळ बसली.

"पन तो गंज..." आई पुटपुटली.

"गंजात केलीच नोती, माय. मातीच्या गाडग्यात केली होती."

"मंग चार वर्सं काऊन नाही बोलली वं?"

"बोलली." कोकिळेने माझ्याकडे पाहिलं नाही. "तिसऱ्याच दिवशी ह्याहीले सांगतलं."

खरं आहे. बाबांना जाऊन तीनच दिवस झाले होते. मी म्हणालो होतो, आत्ता गप्प राहा, आईला सोसणार नाही, पुढे पाहू. पुढे मी काही पाहिलं नाही. घरात शांतता होती आणि ती मला सोयीची होती. आज लिहितानाही लाज वाटते.

आता आई मला फाडून खाणार असं वाटलं. ती उठली, पदर सावरला आणि सुनेचा हात धरला.

"चाल वं. पह्यले वच्छलाकडे, मंग घरोघर. म्या सोता सांगतो समद्याईले."

दोघी दाराबाहेर पडल्या. मी घाईने चपला घालू लागलो. आई थांबली, पण वळली नाही.

"तू राय घरीच," ती म्हणाली. "तुले चूप बसाची सवय हाये."