तेल घट्ट होईपर्यंत

मित्रांनो, बिस्किटांच्या भट्टीत मोरीशेजारच्या फळीवर जाड बुडाचे एक पातेले पालथे घातलेले दिसते आहे ना, ते मी. माझा एक कान मोडला आहे आणि बुडाला पोक आले आहे, त्यामुळे ओट्यावर ठेवले की मी जरासे डुलते. कारखान्यात पत्र्याच्या चकतीवर यंत्राने दाब दिला आणि एका दमात माझे पातेले झाले. दुखले का, असे तुम्ही विचाराल. आठवत नाही. सारा जन्म विस्तवावर गेला की फारसे काही दुखत नाही.

माझे काम एकच, वनस्पती तूप वितळवायचे. मालक त्याचे पांढरे घट्ट गोळे माझ्यात टाकत आणि पळीने ढवळत राहत. पातेल्याला एकटे सोडायचे नाही, हे त्यांच्या हातात मुरलेले होते. बिस्किटांचा खुसखुशीतपणा त्या तुपाचा, पण कौतुक मालकांच्या वाट्याला येई. मालकीणबाई त्यांना चिडवत, "थोडी शाबासकी पातेल्यालाही द्या हो!" तुटकी बिस्किटे मालक कधी विकत नसत. ती बशीत घालून मालकीणबाईंपुढे ठेवत, आणि त्या रोज आवडीने खात.

एक दिवस मालकीणबाईंचे हृदय बंद पडले. डॉक्टरांनी बरीच कारणे सांगितली. अशा घट्ट तुपानेही रक्तवाहिन्या चोंदतात, हे त्यांतले एक. मालकांनी तेवढेच ऐकले.

ते रडले नाहीत. काही दिवसांनी भट्टीत येऊन उभे राहिले, पण तुपाचा डबा काही त्यांच्याने उघडवेना. माझ्यात नुसतीच पळी फिरवत राहिले. मलाही काही वाटले नाही. खरखर ऐकू येत होती, एवढेच.

त्यांची मुलगी खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत काम करते. ती रजा काढून आली. येताना सूर्यफुलाचे तेल आणि तांदळाच्या कोंड्यापासून काढलेल्या मेणाचे दाणे घेऊन आली.

"तेल तापवून त्यात थोडं मेण विरघळवायचं, बाबा. गार झालं की लोण्यासारखं घट्ट होतं. तुपाची गरजच नाही."

"मेण? माणसांनी खायचं?"

"खायचंच आहे हे. मेणबत्त्या नाही वितळवत मी!"

मालक हसले नाहीत. "जमलं नाही तर भट्टी विकून टाकू," म्हणाले. किती वाजले ते सांगावे, तसा आवाज होता.

आणि जमेना. मुलगी तेल तापवी, मेण विरघळवी, गॅस बंद करी आणि तेवढ्यात दुकानात कोणी आले म्हणून बाहेर जाई. परत येऊन बघते तो माझ्यात पेजेसारखा लगदा आणि वर तेलाचा तवंग. तिने मेण वाढवून पाहिले, तेल बदलून पाहिले. पुन्हा तेच. ती रडकुंडीला आली. मालक मात्र भट्टीसाठी गिऱ्हाईक शोधायला लागले होते. माझे काय होणार, हे मला कळत होते. भंगारवाल्याचा तराजू मी पाहिलेला आहे. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

एकदा ती बाहेर जाता जाता परत फिरली. मालक माझ्यात पळी फिरवत होते.

"बाबा! रोज ढवळता तुम्ही?"

"मग काय तसंच टाकून द्यायचं? बुडाला लागेल ना."

"गॅस बंद आहे, बाबा. कशाने लागेल?"

मालकांनी शेगडीकडे पाहिले. खरेच बंद होती.

"गार होताना मेण आतल्या आत जाळं विणतं," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या जाळ्यात तेल धरून ठेवलं जातं. तुम्ही पळी फिरवता आणि ते तुटतं."

"मग मी काय करू?"

"काही नाही. नुसते बसा."

तिने सगळे पुन्हा पहिल्यापासून केले आणि दुकानाचे दार लावून घेतले. मालक स्टुलावर बसले. हात मांडीवर ठेवले, तरी बोटे गोल गोल फिरत होती. मग बोटे थांबली. मालकीणबाई गेल्यापासून ते असे रिकाम्या हाताने बसलेच नव्हते.

"तुटकी बिस्किटं मीच द्यायचो तिला," ते म्हणाले. "वाया नको जायला म्हणून. माझ्याच हातचं खाऊन गेली गं ती."

दुसरे स्टूल ओढून मुलगी त्यांच्याजवळ बसली. मालकांचे खांदे हलू लागले, मग आवाज फुटला. माझ्यातले तेल आधी धुरकट झाले, मग कडेपासून पांढरे होत गेले. शेवटी मुलीने मला तिरके करून पाहिले, तर आतले जराही हलले नाही. ती चमचा उचलणार, तोच मालकांनी तिचा हात धरला.

"राहू दे. अजून थोडा वेळ बसू."

मित्रांनो, मला तारेच्या घासणीने घासू नका, ओरखडे पडतात. आणि तुमच्या घरात कोणी नुसतेच बसलेले दिसले, तर त्याला लगेच उठवू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.