हातावर चालणारी गाडी

कवळीवाल्यांना राग यायला कधी निमित्त लागत नसे. पण त्या शनिवारी शोरूमवाल्यांनी त्यांना निमित्तं दिली, आणि देताना हात आखडता घेतला नाही.

दातांच्या कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा. दवाखान्यांतून आलेले जबड्यांचे साचे त्यांच्या टेबलावर रांगेनं मांडलेले असत आणि केसाएवढा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. लहानपणच्या आजारात त्यांचे दोन्ही पाय गेले होते. चालायला कुबड्या, आणि गाडी हातावर. स्टेअरिंगच्या खाली बसवलेला लिव्हर ओढला की वेग, पुढे ढकलला की ब्रेक. त्या लिव्हरची मूठ त्यांनी स्वतः घडवली होती, कवळीच्याच मसाल्याची, हिरड्यांसारखी गुलाबी, पाच बोटांच्या खाचांसकट. अकरा वर्षं ती ओढून-ढकलून आता खांदा बोलायला लागला होता. नव्या मॉडेलमध्ये लिव्हर बोटानं हलेल इतका हलका होता आणि सीट दाराकडे वळत होती. गाडी बदलायची, हे ठरलं.

"जुनी शोरूमलाच देऊन टाका," बायको म्हणाली. ती पोस्टात काउंटरवर बसे. दिवसभर लोकांशी बोलून तिचा घसा संध्याकाळपर्यंत बसलेला असे. "थोडे पैसे कमी मिळतील, पण डोक्याला ताप नाही. घरी गिऱ्हाइकं आली तर तुम्ही भांडणार आणि समजूत मी घालणार."

शोरूममध्ये गाडी तपासायला एक तरुण आला. त्यानं बॉनेट ठोकलं, टायर दाबले, खाली वाकून पाहिलं. मग बायकोकडे वळून विचारलं, "काकू, गाडी कोण चालवतं?"

कवळीवाले ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले होते.

"तुझ्या नाकासमोर बसलाय तो चालवतो," ते म्हणाले.

तरुण ओशाळून हसला. मग त्याची नजर त्या गुलाबी मुठीवर गेली आणि हसू जरा लांबलं. "हे खेळणं काढावं लागेल. त्याचा खर्च वजा होईल. शिवाय खाली भोकं पाडलीत. अशी गाडी कोण घेणार, काका?"

"मी घेतली होती ना!"

त्यानं सांगितलेला आकडा कवळीवाल्यांच्या मनातल्या आकड्याच्या निम्म्याहून जेमतेम वर होता. त्यांचा चढलेला आवाज ऐकून मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. खुर्ची सरकवली, पाणी मागवलं, आवाजात मध घातला. "साहेब, तुमच्यासारख्यांसाठी आमच्या मनात वेगळी जागा आहे. जुन्या गाडीचं जाऊ दे, नव्या गाडीवर खास सवलत देतो. फक्त चावी घेताना एक फोटो काढू. आमच्या पानावर टाकू. लोकांना प्रेरणा मिळते."

"कसली प्रेरणा?"

"म्हणजे... अशा परिस्थितीतही माणूस..."

"पैसे मोजून गाडी घेतोय मी! यात प्रेरणा कुठून आली? आज सकाळपासून चार जणांनी इथून चाव्या नेल्या. त्यांच्याकडे बघून कुणाला प्रेरणा झाली?"

सगळं शोरूम वळून पाहायला लागलं. बायकोनं कपाळाला हात लावला. कवळीवाल्यांनी कुबड्या उचलल्या आणि ते निघाले. चकचकीत फरशीवर कुबडी सरकेल या भीतीनं एकजण हात धरायला धावला, त्याच्यावर ते असे काही वसकन ओरडले की तो बिचारा दोन पावलं मागेच सरकला.

घरी येऊन त्यांनी जाहिरात लिहिली. हातावर चालणारी गाडी विकणे आहे. एकच मालक. उत्तम स्थिती.

"मालक तापट आहे, तेही लिहा," बायको म्हणाली. "मागाहून फसवलं म्हणायला नको."

पुढचे आठ दिवस तिचं म्हणणं खरं करण्यात गेले. पहिले आले ते जुन्या गाड्यांच्या धंद्यातले दोघे भागीदार. अपंग माणसाची गाडी म्हणजे फार पळालेली नसणार, असा त्यांचा हिशेब. किलोमीटरच्या काट्यावरचा आकडा बघून त्यांचे डोळे विस्फारले. "एवढे कुठं फिरलात तुम्ही?"

"तुम्हाला काय वाटलं, मी घरात बसून भिंती मोजतो?"

मग एक बाई नवऱ्याबरोबर आल्या. गाडी त्यांना आवडली, रंग आवडला, किंमतही आवडली. पण काही केल्या त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसेनात. शेवटी नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, "नको हो. उगाच काहीतरी मनात येतं." कवळीवाल्यांचे पाय गेले होते, कान शाबूत होते. "घाबरू नका," ते ओरडले, "सीटवरून लागण होत नाही!" ती जोडी फाटकापर्यंत पळतच गेली.

त्या रात्री ताटं उचलताना बायको एवढंच म्हणाली, "खांदा तुमचा दुखतोय. लोकांचा नाही."

रविवारी फोन आला. एका मुलाचा. त्याच्या बहिणीला अशीच गाडी हवी होती. दोन वर्षांपूर्वी अपघातात तिच्या कमरेखालचं सगळं गेलं होतं. फोन ठेवला तेव्हा कवळीवाल्यांचा चेहरा कधी नव्हे तो मऊ झाला होता. "आपण त्या पोरीला कमी करून देऊ," ते म्हणाले. "शोरूमवाला देत होता तेवढ्यातच. बरं वाटेल तिला." बायकोनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

पोरगी तिशीची होती. वीज कंपनीत तारांचे नकाशे काढायची. चाकांच्या खुर्चीतून आली आणि नमस्कार-चमत्काराच्या आधी म्हणाली, "दार उघडा." कुणाची मदत न घेता दोन्ही हातांवर अंग तोलून सीटवर गेली. लिव्हर हलवला. पुन्हा हलवला. कान लावून ऐकला.

"यात दोन बोटं ढिलाई आहे, काका. सांध्यातलं बुश झिजलंय. ब्रेक उशिरा लागत असणार."

"अकरा वर्षांत एकदाही उशिरा लागला नाही."

"तुमच्या हाताला सवय झालीये. मूठही माझ्या हाताची नाही, बोटं पुरत नाहीत. आणि हा टायर वर्षभरही टिकणार नाही."

शोरूममधल्या तरुणानं एवढे दोष काढले नव्हते. कवळीवाल्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पण मनात आधीच उदार होऊन बसलेले, म्हणून त्यांनी राग गिळला आणि आकडा सांगितला. शोरूमचा आकडा.

भाऊ खूष झाला. "ताई, काकांनी किती कमी केलेत! घेऊन टाक."

तिनं मान वर केली. "एवढे कमी का?"

"असू दे गं," कवळीवाले म्हणाले. "तुला गरज आहे."

"गरज तर प्रत्येक गिऱ्हाइकाला असते. मग कमी कशाबद्दल?"

"तुझ्यावर जो प्रसंग आला..."

"बुश झिजलंय म्हणून कमी करा!" तिनं स्टेअरिंगवर हात आपटला, हॉर्न वाजला, शेजारच्या गॅलरीत माणसं आली. "टायर गेलाय म्हणून कमी करा! माझे पाय गेले म्हणून कमी करायला तुम्ही कोण? जो भेटतो तो काही ना काही वाटतच सुटतो. तुमच्याकडे तरी धड भाव ऐकायला मिळेल म्हणून आले होते!"

मॅनेजरचा तो मधाळ आवाज आता स्वतःच्या तोंडून निघालेला कवळीवाल्यांना ऐकू आला, आणि इतका राग त्यांना आठ दिवसांत कुणाचाच आला नव्हता. तो कुणावर काढावा हे मात्र कळेना. मग समोर होती तिच्यावरच काढला.

"बरं! मग माझ्या जाहिरातीतला भाव. एक पैसा कमी नाही!"

"या बुशसकट? लुटताय का?"

"चालवून बघ आणि मग बोल!"

ते शेजारी बसले आणि गाडी निघाली. कोपऱ्यावर तिनं ब्रेक इतका जोरात मारला की त्यांचं डोकं काचेला लागायचं राहिलं. मागच्यानं हॉर्न दिला, तिनं काच खाली करून त्याला दोन शब्द सुनावले. "पुढे ढकल, आपटू नकोस!" ते ओरडले. "ढकलतेच आहे, लागतच नाही वेळेवर!" ती ओरडली. दुसऱ्या वळणावर त्यांनी तिच्या हातावर हात ठेवून लिव्हर स्वतः पुढे ढकलला. ढिलाई होती. सरळ दोन बोटं. खांद्याला सवय झाली होती, म्हणून इतकी वर्षं जाणवली नव्हती. स्वतःच्या टेबलावर त्यांनी अशी कवळी फेकून दिली असती.

फाटकापाशी आणखी अर्धा तास घासाघीस चालली. भाऊ एकदा काकांकडे, एकदा ताईकडे बघत राहिला. बायको आत वर्तमानपत्र वाचत बसली होती, पण पान उलटत नव्हती. शेवटी बुशचे आणि एका टायरचे पैसे वजा होऊन सौदा ठरला, शोरूमच्या आकड्यापेक्षा कितीतरी वर. दोघांनाही आपण नागवले गेल्यासारखं वाटत होतं.

नवी गाडी शेवटी त्याच शोरूममधून घ्यायची ठरली; ती यायला तीन आठवडे होते. मॅनेजरशी बोलायला बायको गेली, फोटो नाही असं कागदावर लिहून घेऊन आली.

एका रविवारी दुपारी कवळीवाल्यांचा फोन वाजला. "काका, डिकी उघडत नाही! माझी खुर्ची आत आहे. हे तुम्ही सांगितलं नव्हतं!"

"झाकण आधी खाली दाबायचं, मग खटका ओढायचा. त्यात काय सांगायचं?"

"म्हणजे खराब आहे! खराब आहे हे सांगायला नको?"

अकरा वर्षांत त्यांना ते खराब वाटलंच नव्हतं. पण हे कबूल करायचं कुणी? "कुठे आहेस? भावाला दाबायला सांग."

"तो घरी आहे, निघताना खुर्ची आत ठेवून दिली एवढंच. मी समुद्रावर आले आहे."

"समुद्रावर? शंभर किलोमीटर? कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर म्हणजे? गाडी चालवत आले." मग ती तिथल्या दुकानदाराला ओरडून सांगताना ऐकू आली, खाली दाबा, आणखी दाबा. खट्ट आवाज झाला आणि फोन बंद.

"बघ!" कवळीवाले बायकोवर उखडले. "आभार नाहीत, काही नाही. फोन ठेवून मोकळी!"

"तुम्ही कधी मानलेत कुणाचे?"

त्यांनी कवळी हातात घेतली, घासायला लागले, थांबले. पुन्हा फोन लावला.

"आता काय?" ती म्हणाली. मागं वारा घोंघावत होता.

"वाळूत उतरवू नकोस गाडी. रुतेल."

"कळतं मला, काका," ती खेकसली आणि पुन्हा फोन ठेवला.