दर रविवारी हिरवं

बायकोने जिंकगोच्या बोन्सायची उथळ कुंडी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली, आणि घसरू नये म्हणून स्वतःच एका हाताने धरून बसली.

शिंप्याने बघितलं. हातभर उंचीच्या त्या झाडाच्या प्रत्येक गाठीतून हिरवे पंखे उलगडत होते, शर्टाच्या गुंडीएवढे. एकतीस वर्षं त्याने हे झाड तारा बांधून, मुळं छाटून एवढंसं ठेवलं होतं. मग अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि तो पाच महिने इस्पितळात आडवा पडून होता. झाड बायकोच्या हाती आलं. या बाईने पाणी घालघालून निवडुंग मारलेला होता.

म्हणून पहिल्याच आठवड्यात वाकड्या तोंडाने त्याने तिला समजावलं होतं, की थंडीत याची सगळी पानं पिवळी होऊन झडतात, नुसती काडी उरते. मेलं समजून टाकू नकोस. शंका आलीच तर साल जरा खरवडून बघ. आत हिरवं दिसलं की जिवंत.

एवढंच सांगितलं होतं. पुढचं सांगायचं राहिलं.

शंका तिला दर रविवारी यायची. त्या दिवशी लेक इस्पितळात बसायची आणि ही सकाळभर घरी असायची. मोतीबिंदूमुळे नखाने खरवडलेलं दिसेना, तेव्हा तिने भाजीची सुरी घेतली आणि चांगलं बोटभर रुंद सोलून बघायला लागली. एकाच जागी किती सोलायचं, त्यालाही जीव आहे, म्हणून दर वेळी आधीच्या जागेला लागून नवी जागा. हे सगळं ती आता त्याला कौतुकाने सांगत होती.

"एक रविवार चुकवला नाही मी. आणि दर वेळी हिरवं. हिरवं दिसलं ना, की त्या दिवशी इस्पितळाचा जिना न थांबता चढायचे."

त्याने डावा अंगठा खोडाला लावला आणि सावकाश फिरवत नेला. पुढून मागे, मागून पुन्हा पुढे. साल कुठेच लागली नाही. खोडाभोवती कोरड्या, पांढऱ्या लाकडाची बांगडी झाली होती. त्याने अंगठा पुन्हा एकदा फिरवला. दोऱ्याएवढी पट्टी जरी उरली असती तरी चाललं असतं.

ही पानं गेल्या वर्षीच्या शिदोरीवर आली होती. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं, आणि ती वाट आता बंद होती. महिना-दोन महिने झाड असंच टवटवीत दिसणार, मग खालून संपत जाणार.

एक उपाय होता. त्या जागेवर ओलं शेवाळ बांधून गुटी करायची, म्हणजे वरच्या सालीतून नवी मुळं फुटतात. पण या झाडाला त्यासाठी दोन वर्षंही लागतात, आणि त्याचा हात साधी गाठ मारू शकत नव्हता. तिला बांधायला सांगावं तर कशासाठी म्हणून विचारणार. आणि न विचारता बांधलं, तरी ही बया दर रविवारी सोडून बघणार, मुळं आली का म्हणून. त्याला हसू आलं आणि लगेच रडूही येऊ लागलं. झटक्यानंतर असं व्हायचं; तिला त्याचं नवल वाटलं नाही. पदराने तिने त्याची हनुवटी पुसली.

"जगेल ना हो?"

"न जगायला काय झालं? तू काय कमी केलंस?"

तिचा चेहरा असा उजळला, की त्याला दुसरीकडे बघावं लागलं. मग तिने हलकेच सांगितलं, की मोठे डॉक्टर म्हणालेत, पानं पिवळी व्हायच्या आत तुमची काठी सुटेल.

मोठे डॉक्टर काय म्हणाले ते त्याने पडद्याआडून ऐकलं होतं. लेकीला आणि हिला ते म्हणाले होते, की यांनी उन्हाळा काढला तरी पुष्कळ. लेक रडली होती. मग ही पडदा सारून आत आली होती आणि त्याचं पांघरूण सारखं करत, आज गारठा आहे, म्हणाली होती.

"सुटेल की," तो म्हणाला. "पिवळी झाली की दाखव मला."

ती घाईने हो म्हणाली. कुंडी उचलून तिने खिडकीत नेऊन ठेवली, ऊन सगळीकडून लागावं म्हणून थोडी फिरवली, पुन्हा थोडी फिरवली, आणि तशीच पाठमोरी उभी राहिली.

ती वळेपर्यंत त्याने आपला चेहरा नीट करून ठेवला.