हौसाबाईंचा दर्या

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे. मीरा रोडला पूनम सागरमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराच्या माळ्यावर माझा मुक्काम असतो. अंगावर धूळ आहे, पण पाती अजून सरळ आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

१९८८ साली धर्माने मला भाईंदरच्या एका दुकानातून आणलं. तो स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला होता. त्याची लेक भाविका तेव्हा रांगत होती. माझ्या वाऱ्याने तिचं जावळ उडायचं आणि सगळे हसायचे. ते माझे कौतुकाचे दिवस. पुढे छताला पंखा लागला आणि मी कोपऱ्यात गेलो. माझा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजला होता. चालू झालो की घरघर व्हायची.

मग धर्माची आई, हौसाबाई, भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पाली गावाहून राहायला आल्या. जन्म सगळा समुद्राकाठी मासळी सुकवण्यात गेलेला. नवरा वारल्यावर धर्माने त्यांना तिथे एकटं ठेवलं नाही. पण बंद दारांच्या इमारतीत त्यांना करमेना. शेजारणींची हिंदी त्यांना कळायची नाही. धड जेवण जाईना, झोप येईना. एका दुपारी उकडतंय म्हणून भाविकाने मला लावलं, आणि हौसाबाई चटई ओढून माझ्यासमोर आल्या. "दर्या हाय याच्यात," असं म्हणून त्या कितीतरी दिवसांनी गाढ झोपल्या.

मला नवल वाटलं. धर्माला माझ्यात नुसती खडखड ऐकू यायची. सूनबाईंचं डोकं दुखायचं. आवाज तर एकच होता. कानात शिरेपर्यंत तो माझा असायचा, पुढे ज्याच्या त्याच्या मनात जे असेल त्याचा व्हायचा. खरं सांगतो, मला वाईट वाटायचं. मला कुणी ऐकतच नव्हतं.

दुपारी व्होल्टेज उतरलं की मी मंदावायचो. हौसाबाई म्हणायच्या, सुकती लागली. सुकती म्हणजे ओहोटी. व्होल्टेज चढलं की त्यांची भरती. सुकतीत होडी सोडायची नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. दुपारच्या शाळेला निघालेल्या भाविकाचा हात धरून त्या तिला भरती येईपर्यंत थांबवायच्या. आठवड्यात चारदा उशीर झाला, तेव्हा शाळेतून चिठ्ठी आली.

धर्मा आईला एका शब्दाने बोलला नाही. रविवारी मला मेकॅनिककडे नेलं, बुश बदलला, तेल घातलं. घरी बटण दाबलं तर मी बिनआवाज फिरलो. हौसाबाई बराच वेळ कान लावून बसल्या.

"धर्मा, दर्या गेला रं."

"आई, पंखा आहे तो. रिपेअर केलाय."

"पंखा हाय ते मना दिसते. दर्या आयकू येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी भाविकाने माझ्या जाळीत कागदाची पट्टी अडकवली. ती फडफडली. हौसाबाईंनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हा कागद आहे, एवढंच म्हणाल्या. आठवड्याने त्यांनी गाठोडं बांधलं. धर्मा त्यांना पालीला सोडून आला आणि चपलाही न काढता दाराशी बसून राहिला. मला माळ्यावर टाकलं. तिथे दिवस कसे गेले ते विचारू नका.

दोन वर्षांनी धर्मा एकदा पालीहून आला आणि माळ्याखालीच उभा राहून बायकोला सांगू लागला. आई बरी आहे, ओट्यावर समुद्राकडे तोंड करून बसते. निघताना तिने विचारलं होतं, "तो पंखा हाय का रं? दर्यासमोर बसलं का मना त्योच आयकू येते. भाविका बाजूला हाय असं वाटते."

मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं की कुणीतरी मला ऐकतंय. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही वेगळंच ऐकू येत असेल, तर दुरुस्तीला धावू नका. आधी शेजारी बसा आणि काय ऐकू येतं ते विचारा. माझं तेल आता वाळलंय. घरघर परत आली असेल. मला खाली उतरवून कुणी पालीला नेलंत, तर फार बरं होईल. फक्त तेल घालू नका.