निळ्या लोकरीवरची जकात

सांगेल त्या भावाने गिऱ्हाइकं आता गुमान लोकर नेत होती, आणि लोकरवालीला त्याचाच कंटाळा आला होता. सुख बोचतं म्हणतात, ते हेच.

वर्षापूर्वीपर्यंत दर मंगळवारी हद्दीपलीकडचा एक लोकरवाला समोरच्या कट्ट्यावर माल मांडायचा. ती भाव उतरवी, की तो आणखी उतरवी.

"बाई, लोकर विकताय की मेंढ्या हाकताय?" तो ओरडायचा.

"तुमच्या लोकरीनं मेंढी कधी बघितलीय का?" ही तिकडून.

दिवसभर असं हातघाईवर येऊन संध्याकाळी दोघं उरलेल्या लडी बदलून घेत. त्याच्यासारखा गडद निळा तिला कधी साधला नाही, तिच्यासारखा लाल त्याला. "आजही बुडवलंत मला," म्हणत तो तिच्या लडी उराशी धरून निघायचा.

एका मंगळवारी त्याने भाव फारच पाडला. हिचं डोकं फिरलं. तिरीमिरीत तिने सरकारकडे अर्ज केला, परक्या लोकरीवर जकात बसवा म्हणून. आणि नवल म्हणजे, सरकारने ऐकलं! माल यायचा थांबला. मालाबरोबर माणूसही थांबेल, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आता मंगळवार उजाडला की ती रिकाम्या कट्ट्याकडे बघत बसे. त्याची आठवण यायची, फार यायची.

जकात पुढे चालू ठेवायचा कागद घेऊन दीर आला. "वहिनी, सही करा. तुमची तर चांदी झालीय."

कागद घेऊन ती तडक नाक्यावरच्या कचेरीत गेली. "साहेब, माझा अर्ज मागे घ्यायचाय."

साहेब चक्रावले. "का? तुमचं नुकसान काय झालं?"

"तो येत नाही."

"कोण तो?"

तिने सगळं सांगितलं. लाजली नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "अहो बाई, जकात लोकरीवर आहे, माणसावर नाही. रिकाम्या हाताने यायला त्यांना कोणी अडवलंय?"

हे मात्र वर्मी लागलं. हद्दीवरचं फाटक वर्षभर उघडं होतं, आणि तो आला नव्हता. पण येऊन करणार काय होता? विकायला काही नसताना बाईच्या दारात उभं राहून माणसाने बोलायचं तरी काय? आणि तिला तरी कुणी अडवलं होतं? कागद तिने सही न करताच टेबलावर ठेवला.

पुढच्या मंगळवारी दुकान बंद ठेवून ती फाटकापाशी गेली. शिपायाने हात आडवा केला. "माल काय?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि आपले हात कुठे ठेवावेत हेच तिला कळेना.