रामीच्या डोळ्यातली वाटी

चूल पेटली की जमनाबाई आधी मिठाचं पाणी ठेवी. चहा मागाहून. पाणी खळखळ उकळायचं, धुतल्या फडक्यातून गाळायचं, गार होऊ द्यायचं आणि मग त्या वाटीत भरायचं. वाटी म्हणजे काय, तर अर्ध्या बोराएवढी, आरपार दिसणारी, हातात घेतली तर आहे की नाही कळू नये अशी. मुंबईच्या डॉक्टरने ती रामीच्या डाव्या डोळ्याच्या मापाने घडवून दिली होती. डॉक्टर तिला भिंग म्हणायचा. तांड्यात सगळे वाटी म्हणत.

वाटी भरली की रामी पळायची. सात-आठ वर्षांची पोर, पण अंगात रेडकाचं बळ. जमनाबाई तिला गोठ्यातून, कणगीमागून ओढून आणी, दोन गुडघ्यांत दाबी, मान खाली वाकवी. तोंड जमिनीकडे असलं तरच वाटीतलं पाणी सांडत नाही आणि वाटी खालून डोळ्याला बसते. एका हाताने पापण्या फाकवायच्या, दुसऱ्या हाताने वाटी लावायची. रामी किंचाळे, चावे, आईला शिव्या देई. या वयात इतक्या शिव्या कुठून शिकली म्हणून शेजारची रुपाबाई कौतुक करी.

"हालू नोको," जमनाबाई म्हणे. दुसरं काही म्हणत नसे.

पहिल्या दिवसांत तिचेही हात कापायचे. पोरीबरोबर तीही रडायची. मग हळूहळू हात कापायचे थांबले, रडणं थांबलं, आणि त्याबरोबर बाकीचंही बरंच काही थांबलं. भाकरीला चव आहे की नाही, नवरा काय बोलला, शेळी व्याली की नाही, कशाचंच तिला काही वाटेना. हातांना काम कळलं की मनाला सुट्टी मिळते म्हणतात. जमनाबाईचं मन सुट्टीवर गेलं ते परतलंच नाही.

झालं होतं असं. उन्हाळ्यात शेतातल्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटताना एक काडी उसळली आणि रामीच्या डोळ्यात घुसली. अकोल्याच्या दवाखान्यात डोळा वाचला, पण डोळ्याच्या आतलं देवाने दिलेलं भिंग पांढरं पडलं होतं, ते काढावं लागलं. आता त्या डोळ्याला उजेड कळे, माणूस कळत नसे. चष्म्याने भागत नव्हतं. एकाच डोळ्याला जाड काच लावली तर एकच माणूस एका डोळ्याला मोठा आणि दुसऱ्याला लहान दिसतो, मग पोर चक्कर येऊन पडते. रामीचा बाप मोहनसिंग मुंबईला रस्त्याच्या कामावर जात असे. तिथल्या मुकादमाच्या ओळखीने एका डॉक्टरकडे वशिला लागला. डॉक्टरला या नव्या विद्येची भारी हौस होती आणि लहान पोर कोणी त्याच्या हाती देत नव्हतं. यांनी दिलं. त्याने डोळ्यावर मऊ लगदा ओतून साचा घेतला, तेव्हा रामीला चार माणसांनी धरलं होतं. त्यातलं एक माणूस जमनाबाई होती.

"रोज घालायची," डॉक्टर म्हणाला होता. "चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची. ऊन माथ्यावर येईपर्यंत या डोळ्याने बघू दे. नाही तर डोळा बघणं विसरेल. एकदा विसरला की मग हजार वाट्या केल्या तरी उपयोग नाही. आणि ही जपा. मी आता विलायतेला चाललो."

मुंबईत हे सगळं चाललं असताना इकडे पोहरादेवीजवळच्या तांड्यावर जमनाबाईचा बाप किसनसिंग वारला. परत आल्यावर तिला कळलं. तोवर माती होऊन, दिवसही होऊन गेले होते. तिने ऐकलं, हो म्हटलं, आणि मिठाचं पाणी चुलीवर ठेवलं. माहेरी जायचं राहून गेलं, कारण रोजची वाटी.

आणि रोजच्या वाटीचं फळ काय? पट्टी बांधून रामीला दारात बसवायची आणि समोर बोट दाखवून विचारायचं.

"काय दिसते?"

"कायी नाई."

"ते झाड?"

"नाई."

"मी?"

"तू बी नाई."

रोज हेच. पोर खरं बोलते की सूड घेते, ते जमनाबाईला कळत नसे, आणि पुढे पुढे तिने त्याचा विचारही सोडला. "नाकापेक्षा मोती जड झाला वं तुह्या घरात," रुपाबाई म्हणाली. "एक डोळा हाये न पोरीले? दुनिया एका डोळ्यानं बी दिसते." जमनाबाईने मान हलवली आणि पट्टी घट्ट केली.

कापसाची वेचणी निम्मी झाली होती. एका सकाळी असंच वाटी घालून, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून तिने रामीला दारात बसवलं आणि स्वतः आत भांडी घासायला घेतली. तेवढ्यात रामी ओरडली, "याडी! नानी येऊन राह्यली!"

याडी म्हणजे आई. आणि नानी म्हणजे धनीबाई, जमनाबाईची आई. नवरा गेल्यावर लेकीला पहिल्यांदाच भेटायला येत होती. जमनाबाई राखेचे हात तसेच घेऊन बाहेर आली. म्हातारी सडकेवरून तांड्याकडे वळत होती, अंगावर आरशांची चोळी, कांचळी, आणि हातभर असायच्या त्या पांढऱ्या बांगड्या, बलोयी, आता उतरवलेल्या. आजूबाजूच्या बाया हातातलं काम टाकून गोळा झाल्या.

तांड्याची रीत अशी, की बायका दिवसांनी भेटल्या की आधी गळ्यात पडून रडायचं. नुसतं रडायचं नाही, सुरात रडायचं. रडता रडताच सांगायचं, घरात कोण गेलं, कोण आजारी पडलं, कोणाचं लेकरू जगलं नाही. सगळं सांगून झालं की डोळे पुसायचे, पाणी प्यायचं, आणि मग हसत खेळत बोलायला सुरुवात. धनीबाईने लेकीला मिठी मारली आणि गळा काढला. नवऱ्याचं नाव घेऊन, त्याच्या बैलाचं नाव घेऊन, शेवटी त्याने जमनीला कशी हाक मारली ते सांगून म्हातारी रडली. ऐकणाऱ्या बायांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

जमनाबाईनेही सूर लावला. सूर बरोबर लागला, शब्दही बरोबर आले. पण डोळ्यांतून टिपूस नाही. तिला स्वतःलाच ते लांबून ऐकू येत होतं. बाप मेला आहे हे तिला ठाऊक होतं, एवढंच. रुपाबाईच्या नजरेतून हे सुटायचं नव्हतं. तिने दुसरीला कोपर मारलं.

मग धनीबाईने नातीला ओढून कुशीत घेतलं. नानी रडते, सगळ्या रडतात, पोर किती दम धरणार? रामी भोकाड पसरून रडली, नानीच्या आरशांवर तोंड घासलं, मुठींनी डोळे चोळले. पट्टी सरकून गळ्यात आली. आणि मान वर केली तेव्हा डोळ्यात वाटी नव्हती.

"वाटी!" जमनाबाई म्हणाली.

रडणं कापल्यासारखं थांबलं. सगळ्या बाया जमिनीवर बसल्या. पण शोधायचं कुठे? इतक्या जणींच्या घागऱ्यांना, कांचळ्यांना, ओढण्यांना आरसे, आणि वर लख्ख ऊन. जिकडे पाहावं तिकडे काच चमकत होती. त्यात एक न चमकणारी, पाण्यासारखी वाटी शोधायची. घागरे झटकले, माती चाळली. एकीच्या पायाखाली काहीतरी कडकडलं, सगळ्या हाय हाय करून धावल्या, तर तो तिच्याच ओढणीचा निखळलेला आरसा.

जमनाबाई बाजूला झाली आणि स्वतःचा घागरा चाचपू लागली. गुडघ्यापाशी, दोन आरशांच्या मधल्या चुणीत, बोटाला ओलं लागलं. वाटी तिथे होती. अख्खी होती.

तिने "मिळाली" म्हणायला तोंड उघडलं. आणि उद्याची सकाळ तिच्या डोळ्यांपुढे आली. गुडघ्यांत दाबलेली पोर, ते किंचाळणं, ते "कायी नाई". तिने तोंड मिटलं. ओढणीच्या टोकात वाटी गुंडाळून तिने गाठ मारली आणि पुन्हा इतरांबरोबर माती चाळायला बसली.

संध्याकाळी मोहनसिंग शेतातून आला. ऐकून मुंडासं काढून दारातच बसला.

"डॉक्टर तं विलायतेले गेला," म्हणाला. "आता डोळा गेलाच समज."

"माह्यामुळं झालं," म्हणून धनीबाईने कपाळ बडवून घेतलं. "मी कायले आली!" तिला समजवावं, एवढंही जमनाबाईने केलं नाही. तिला हलकं वाटत होतं. सुंठीवाचून खोकला गेला. उद्या पाणी ठेवायचं नाही, पळायचं नाही, धरायचं नाही. आपल्याच पोरीचा डोळा आपण गाठीत बांधला आहे, हे तिला कळत होतं. कळूनही लाज वाटत नव्हती. लाज वाटत नाही याची तेवढी तिला जराशी भीती वाटली, पण तीही टिकली नाही. रात्री ती ढाराढूर झोपली.

सकाळी मात्र हातांनी दगा दिला. चूल पेटवली आणि सवयीने मिठाचं पाणी ठेवलं. उकळी आल्यावर तिच्या लक्षात आलं. पाणी ओतून देणार, तेवढ्यात रामी येऊन समोर बसली. अंगणात धनीबाई परतीचं गाठोडं बांधत होती.

रामीने उजव्या डोळ्यावर पट्टी स्वतःच बांधली होती. वेडीवाकडी, कानावरून घसरलेली.

"गाठ सोड न, याडी," ती म्हणाली.

"कोनती गाठ?"

"ओढनीची."

जमनाबाईचा हात ओढणीवर गेला. "तुले कोनं सांगतलं?"

"पायलं मी काल. पट्टी निंगाली होती तवा."

"मंग बोलली काहून नाई? बा होता, नानी होती."

रामीने घसरलेली पट्टी कानावर चढवली. "तुले नोको होती न," ती म्हणाली.

पाणी उकळून उकळून अर्धं झालं. जमनाबाईने भांडं उतरवलं. "मंग आज काहून पायजे?"

"नानी चालली. सडकेपावतर दिसते ते मले. काल येतानी दिसली होती."

"कोन्या डोळ्यानं?" जमनाबाईने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला आठवलं. काल पोर दारात ओरडली तेव्हा उजव्या डोळ्यावर पट्टी होती. तिने स्वतःच्या हाताने घट्ट बांधली होती. सगळ्या तांड्यात म्हातारी आधी दिसली ती रामीला, वाटीच्या डोळ्याने, आणि जमनाबाई राखेचे हात घेऊन तिच्या बाजूने पुढे निघून गेली होती.

"पयले कायी दिसे नाई," रामी सांगत होती. "मंग झाड दिसे. मी सांगे नाई. तू लय जोरानं दाबत होती मनून."

जमनाबाईने गाठ सोडायला घेतली. सुटेना. दाताने सोडली. वाटी कोरडी पडली होती, पण कुठे तडा नव्हता. तिने ती गार झालेल्या पाण्यात धुतली, पुन्हा धुतली, भरली. रामी गुडघ्यांवर बसली आणि कोणी न वाकवता मान खाली घातली. दोन बोटांनी तिने स्वतःच पापण्या फाकवल्या.

आणि जमनाबाईचे हात कापू लागले. वाटीतलं पाणी सांडलं. तिने पुन्हा भरलं, पुन्हा सांडलं. घशातून एक आवाज निघाला, त्याला ना सूर होता ना शब्द. बापाचं नाव त्यात होतं की पोरीचं, ते तिलाही कळलं नाही. अंगणातली धनीबाई गाठोडं टाकून दारात आली. लेकीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि भरलेली वाटी हातात हलत होती.

रामीने वाकल्या मानेनेच एक हात पुढे केला आणि आईचं मनगट घट्ट धरलं.

"हालू नोको," ती म्हणाली, आणि वाटी डोळ्यापाशी ओढली.